दोन कढया, दोन डाव

खिम्यात दूध ओतलं आणि आई स्टुलावरून उठलीच. "अगं, विरुद्धाहार तो! कोणी शिकवलं तुला हे?"

इटलीतल्या बोलोन्यानं शिकवलं. अकरा वर्षं राहतेय तिथे. त्या गावानं आपल्या रागूची, म्हणजे पास्त्यावरच्या खिम्याची, कृती १९८२ साली चेंबर ऑफ कॉमर्समध्ये रीतसर नोंदवून ठेवली आहे. सातबाराच म्हणा ना. कांदा, गाजर, सेलरी, गोमांस, टोमॅटो, वाइन, दूध. लसूण नाही. खाली स्पॅगेटी तर नाहीच नाही, अंड्यात भिजवलेल्या पिठाच्या रुंद पट्ट्या हव्यात.

पार्ल्यात माझ्याकडे पेने, म्हणजे नळीसारखा पास्ता, होतं आणि बोकडाचा खिमा. महाराष्ट्रात गोवंशाच्या मांसावर २०१५ मध्ये पूर्ण बंदी आली, पण आमच्या घरात ते आधीही कधी शिजलं नव्हतं, त्यामुळे माझं काही अडलं नाही. खाटकाला खिमा जाड ठेवायला सांगितला. खिमा आधी पाणी सोडतो. ते आटून तळाशी चरचर ऐकू येईपर्यंत टोमॅटो घालायचा नाही. मग मंद आचेवर दोन तास. "कुकरला लाव की," असं आई तीनदा म्हणाली.

वहिनी शाकाहारी. तिच्यासाठी शेजारच्या कढईत वांगं, ढोबळी मिरची, फरसबी. पेने एकाच पातेल्यात उकडलं. आईनं कुणी न सांगता दोन डाव काढून ठेवले, भाजीचा स्टीलचा, खिम्याचा लाकडी. वहिनी या घरात आली तेव्हापासून हे असंच चालतं. त्यावर कधी बैठक भरल्याचं मला आठवत नाही.

बैठक सोसायटीत भरते. खिमा शिजत असतानाच दादाचा फोन वाजला: 'लिफ्टमध्ये नॉनव्हेजचा वास येतोय, कृपया काळजी घ्यावी.' आता वासाचा त्रास खरा असतो. सुकट भाजली की मीही खिडक्या उघडते. पण 'काळजी घ्या'वरून 'इथे घर मिळणार नाही'वर जायला मुंबईत फार वेळ लागत नाही, हे घर शोधणाऱ्या कुठल्याही मालवणी माणसाला विचारा. २०२५ मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिकेनं पंधरा ऑगस्टला मटणाची दुकानं बंद ठेवायला सांगितली. आता स्वातंत्र्यदिनाचा आणि मटणाचा संबंध काय? आई अख्खा श्रावण पाळते, बाबा फक्त सोमवार, दादा काहीच नाही. तिघांनाही पालिकेचं पत्रक लागलेलं नाही.

परदेशात राहणाऱ्यांना एक खोड असते, 'आमच्याकडे बघा' म्हणायची. बोलोन्याचंही बघाच. २०१९ मध्ये गावच्या ग्रामदेवतेच्या, म्हणजे संत पेत्रोनियोच्या, उत्सवात नेहमीच्या तोर्तेल्लिनीसोबत, म्हणजे सारण भरलेल्या छोट्या पास्त्यासोबत, डुकराऐवजी कोंबडीचं सारण भरलेलेही ठेवायचं ठरलं. मुसलमानांना आणि डुकराचं न खाणाऱ्या इतरांनाही खाता यावेत, हा हेतू. त्यावर साल्विनींसारखा उजव्या पक्षाचा बडा नेता 'आमची संस्कृती पुसली जातेय' म्हणून उठला. नेहमीचे तोर्तेल्लिनी कोणी काढून घेतले नव्हते. त्याआधी २००९ मध्ये इटलीतल्याच लुक्का शहरानं जुन्या गावठाणात नवी परदेशी खानावळ काढायलाच मनाई केली. ते वाचताना मला आपल्या सोसायट्यांचे नियम वाचल्यासारखं वाटलं.

फरक मला एकच दिसतो. माझ्या तिथल्या इमारतीत रागूत लसूण घातला म्हणून खालच्या मजल्यावरची आजी मला अर्धा तास बोलू शकते, आणि बोललीही आहे. पण जिन्यात वास येतो म्हणून भाडेकरार कुणी काढला नाही. माझ्या कढईत काय आहे यावर तिचं ठाम मत आहे, माझ्या दारावर हक्क नाही. मुंबईत हे नेमकं उलटं झालंय. कढईत काय चांगलं शिजलं याचं कुणालाच काही नाही, सगळा डोळा दारावर.

जेवताना भाच्यानं दोन्ही कढयांतलं एकत्र कालवून खाल्लं. वहिनीनं ताट जरा लांब सरकवलं, इतकंच.

नंतर आईनं समोरच्या काकूंसाठी डबा भरला. काकू सगळं खातात. मी दाराशी पोहोचले तर मागून हाक, "मटणाचं आहे म्हणून सांग हं. दुधाचं काही बोलू नकोस."