बप्पांचा तिसरा बोअर

बप्पा तिसरा बोअर घ्यायलेत, यावर कट्ट्यावर कुणाचं काही म्हणणं नव्हतं. पहिला कोरडाच गेला, दुसरा उन्हाळ्यात अर्धा तास चालून गुळण्या टाकतो, तेव्हा तिसरा ओघानंच आला. भांडण लागलं ते पाणाड्यावरून, म्हणजे जमिनीतलं पाणी कुठंय ते सांगणाऱ्या माणसावरून. केजच्या अलीकडं फाट्यावर वेल्डिंगच्या दुकानापुढं आमचा कट्टा आहे. बप्पांनी तिथं बसल्या बसल्या सांगून टाकलं, "परवा पॉइंट काढायला माणूस येतोय. पायाळू हाय. नारळ असा ताडकन उभा राहतो त्याच्या हातावर."

"नारळाला काय कळतंय बप्पा?" सर म्हणाले. सर निवृत्त भूगोलवाले. कट्ट्यावर येऊनही हजेरी घेतात.

"नारळाला कळत नाही, माणसाच्या रक्ताला कळतं. ओ पॉझिटिव्ह लागतं त्याला."

"माझं ओ पॉझिटिव्हच हाय," मोटार रिवाइंडिंगवाला मामा म्हणाला, "मला घरातल्या टाकीत पाणी हाय का नाही ते पण कळत नाही."

हसणं झालं, पण बप्पा हलले नाहीत. त्यांचा दुसरा बोअर याच माणसानं दाखवलेला, १८० फुटांवर दीड इंच पाणी लागलेलं. डोळ्यांदेखत नारळ उभा राहिलेला. हे सगळं थोतांड म्हणून झटकून टाकणारी मंडळी मला आवडत नाहीत, कारण नारळ खरंच उभा राहतो. मीही पाहिलाय. तो उभा का राहतो, एवढाच प्रश्न आहे.

इंजिनिअरिंगला असलेला पोरगा सुट्टीला आला होता. त्यानं सरळ किराणा दुकानातून नारळ आणला. तळहातावर आडवा ठेवायचा, शेंडी बोटांकडं. आता नारळ गोल, त्यामुळं हातावर टेकतो ती जागा बोटभरच. तळवा जरासा खोलगट केला, मनगट किंचित खाली गेलं, की तोल सुटून शेंडी वर. कडुलिंबाची दुबेळकी फांदी घेऊन फिरतात तेव्हा तर आणखीच सोपं. ती दोन्ही मुठींत ताणून धरलेली असते. मनगट केसभर वळलं की तोच ताण फांदीला हिसडा देतो. धरणाऱ्याला प्रामाणिकपणे वाटतं की कुणीतरी खालून ओढलं.

"म्हणजे तो लबाडी करतो म्हण की," बप्पा चिडले.

"नाही ना बप्पा. त्यालाच माहीत नसतं," पोरगा म्हणाला, आणि त्यानं फॅरेडेची गोष्ट काढली. विजेच्या शोधांमुळं आपण ओळखतो तोच मायकल फॅरेडे. १८५३ च्या सुमारास इंग्लंडात टेबल फिरवायचं वेड आलेलं. चारपाच जण टेबलावर हात ठेवून बसायचे, टेबल हलायला लागायचं, आणि भुतानं हलवलं म्हणायचे. फॅरेडेनं हात आणि टेबल यांच्या मध्ये पुठ्ठ्यांचे थर घातले, ते एकमेकांवर किंचित सरकतील असे. टेबल आधी हललं असतं तर खालचा पुठ्ठा पुढं गेला असता. पण वरचे पुढं गेले. म्हणजे हातच ढकलत होते. मग त्यानं ते ढकलणं दाखवणारा एक दर्शक लावला. तो बसलेल्यांना दिसायला लागल्याबरोबर टेबल हलायचंच थांबलं. त्यातले कुणी खोटारडे नव्हते. मनात जे अपेक्षित असतं ते स्नायू हळूच करून टाकतात, मालकाला न विचारता.

बप्पा ऐकून घेतात, हा त्यांचा मोठा गुण. "बरं. मग डोळे उघडे असताना तो बरोबर जागा कशी काढतो ते सांगा. दीड इंच पाणी काय स्नायूनं काढलं का?"

इथं सर खुलले. त्यांचं म्हणणं मला पटलं, म्हणून जरा सविस्तर देतो.

आपल्या पायाखाली आहे तो ज्वालामुखीचा खडक. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा आला, पसरला, थंड झाला. परत आला, परत पसरला. भाकरीवर भाकरी ठेवत जावं तशी चवड झाली. प्रत्येक भाकरीचा वरचा पापुद्रा फुगलेला, भोकाभोकांचा, कारण लाव्ह्यातले वायू वर येऊन तिथं अडकले. तो मांजऱ्या खडक. ती भोकं पुढं पांढऱ्या-हिरव्या खनिजांनी भरून गेली, पण कुजलेल्या, भेगाळलेल्या मांजऱ्यात पाणी राहतं. त्याच्या खाली काळा पाषाण. तो घट्ट. भेग असेल तरच पाणी, नाहीतर नुसता फुफाटा. दोन थरांच्या मध्ये कुठं कुठं तांबडा गेरू लागतो. बोअरच्या गाडीवरचा तामिळनाडूचा पोरगा, ज्याला मराठी चार शब्द येतात, तोही चुरा हातात घेऊन हे थर बरोबर सांगतो.

"म्हणजे काय," सर म्हणाले, "नस-बीस काही नसते. जमिनीखाली नळासारखी धार वाहतेय आणि आपण नेमका तिच्यावर दांडा मारला, असं आपल्या खडकात नसतं. वरचा मुरूम आणि कुजका खडक जिथं जाड, तिथं बऱ्याच ठिकाणी थोडंफार पाणी लागतं. नाल्याच्या वळणाला, सखल पट्ट्यात तर लागतंच. आता तुमचा पाणाड्या नारळ घेऊन टेकाडावर कधी फिरला का?"

बप्पा विचारात पडले. "नाही. खालच्या अंगानंच फिरला. उंबराजवळ."

"हां! उंबर. त्याला उंबर दिसला. त्याच्या डोळ्याला कळलं, मग हाताला कळलं, आणि नाव झालं नारळाचं."

सर मग वराहमिहिरावर गेले. सहाव्या शतकातला उज्जैनचा माणूस. त्याच्या बृहत्संहितेत दकार्गल नावाचा अख्खा अध्याय भूजलावर आहे. जांभळाच्या पूर्वेला जवळ वारूळ असेल, तर दक्षिणेच्या बाजूला दोन पुरुष खोलीवर गोड पाणी. अशी सगळी गणितं झाड, वारूळ, माती, दगड यांवर. (पुरुष म्हणजे हात वर करून उभ्या माणसाची उंची.) त्यातलं प्रत्येक गणित खरं ठरतं असं नाही. पण बारमाही हिरवं झाड म्हणजे मुळांना कुठंतरी ओल सापडलीय, हा तर्क बिनचूक आहे.

"आणि ती दुबेळकी फांदी तर आपली दिसतच नाही," पोरगा मध्येच म्हणाला. "जर्मनीतले खाणवाले धातू शोधायला वापरायचे. ॲग्रिकोला नावाच्या माणसानं १५५६ साली छापलेल्या खाणकामाच्या ग्रंथात लिहिलंय, आणि शहाण्या खाणवाल्यानं तिच्या नादी लागू नये असंही लिहिलंय."

"साडेचारशे वर्षं झाली सांगून," मामा म्हणाला, "अन् आपण अजून नादातच."

आता बप्पांची पाळी होती, आणि त्यांनी बरोबर मर्मावर बोट ठेवलं. "ते सगळं ऱ्हाऊ द्या. माझ्या पहिल्या बोअरला यंत्रवाला आणला होता. चार खुंट्या ठोकल्या, वायरी लावल्या, आकडे लिहिले, पैसे घेतले. २४० फूट कोरडं गेलं. मग तुमचं सायन्स कामून फेल गेलं?"

कट्ट्यावर असा प्रश्न आला की सायन्सच्या बाजूचे लोक सहसा घसा खाकरतात. मामानं मात्र सरळ उत्तर दिलं. वायरी-विजेचं काम त्याचंच. ते यंत्र जमिनीत करंट सोडतं आणि रोध मोजतं. कोरडा पाषाण करंट अडवतो, ओला खडक जाऊ देतो. अडचण अशी की चिकणमाती आणि गेरूपण जाऊ देतात. यंत्राला "इथं करंट जातोय" एवढंच कळतं, "पाणी उपसता येईल" हे नाही. म्हणून नुसते आकडे बघून पॉइंट दिला की फसतं. शेजारच्या विहिरींची पातळी, नाल्याची दिशा, खडकाचे थर हे सगळं जोडून बघणारा माणूस लागतो.

"पण फरक एक हाय बप्पा," मामा म्हणाला. "यंत्र फेल गेलं ते तुम्ही चार गावांत सांगितलं. पाणाड्याचे किती फेल गेले ते कुणी सांगतं का?"

हे खरं होतं. आमच्याच शिवारात त्या माणसानं दाखवलेले कोरडे गेलेले बोअर आहेत. त्यांचे मालक "आमचं नशीब" म्हणतात. पाणी लागलं तर त्याची कला, नाही लागलं तर आपलं नशीब. असा धंदा आम्हाला कुणालाच मिळाला नाही.

पोरग्यानं जर्मनीचीच आणखी एक गोष्ट सांगितली. १९८७-८८ साली म्युनिकजवळ एका दुमजली कोठारात प्रयोग झाला. खालच्या मजल्यावर पाण्याचा पाइप गाड्यावर ठेवलेला, तो दर खेपेला हलवायचा. वरच्या मजल्यावर पाणाड्यानं चालत जाऊन सांगायचं, पाइप कुठंय. सुमारे ५०० जणांतून निवडलेले ४३, आणि चाचण्या ८४३. प्रयोग करणाऱ्यांनी आधी जाहीर केलं की मोजक्या काही जणांना ही शक्ती आहे. १९९९ मध्ये जिम एनराइट यांनी तेच आकडे परत तपासले. निघालं असं, की ते मोजके लोकही दुसऱ्या खेपेला तसे ठरत नाहीत. अंदाजानं ठोकून दिलं असतं तरी तेवढंच जमलं असतं.

आमच्याकडं कोठार नव्हतं, पण नारळ होता. बप्पांचा पुतण्या म्हणाला, माझ्या हातावरही उभा राहतो. कट्ट्यासमोरच्या मोकळ्या जागेत तो फिरला, आणि नळाच्या चेंबरपाशी नारळ उभा राहिला. सगळ्यांनी वा वा केली. मग सरांनी त्याच्या डोळ्यांना गमछा बांधला, दोन गिरक्या दिल्या, आणि परत चालायला लावलं. नारळ उभा राहिला तो वेल्डिंगच्या भंगाराजवळ. परत गिरक्या, परत चाल. या वेळी बप्पांच्या मोटरसायकलीपाशी.

"डोळे बांधल्यावर शक्ती जाते," बप्पा म्हणाले.

"म्हणजे शक्ती डोळ्यातच होती की!" सरांनी टेबल नसताना टेबलावर मारल्यासारखा हात मांडीवर मारला.

मला विचाराल तर इथपर्यंतची चर्चा मजेची होती. कामाची पुढं झाली, आणि ती नारळाबद्दल नव्हतीच. सर म्हणाले, समजा देवानं येऊन पॉइंट दाखवला. शंभर टक्के बरोबर. तरी पुढं काय? आणि त्यांनी पेपरच्या कोऱ्या कडेवर हिशेब मांडला.

आपल्याकडं पाऊस बरा झाला तर ७०० मिलिमीटरच्या आसपास. त्यातला आपल्या खडकात मुरतो तो ढोबळ मानानं दहावा हिस्सा. म्हणजे ७० मिलिमीटर. एका एकरात हे होतं २ लाख ८० हजार लिटर. आता उसाला वर्षाचं पाणी साधारण २,००० मिलिमीटर धरा. एकरी ८० लाख लिटर. पावसाचा थेंब न् थेंब उसानंच पिला असं मानलं तरी त्यातले २८ लाख वरून मिळतात. उरले ५२ लाख. ते बोअरनं द्यायचे.

"५२ भागिले २.८," पोरग्यानं मोबाईल काढायच्या आत बप्पाच म्हणाले, "अठराच्या वर."

"अठरा एकरांत मुरलेलं पाणी एका एकराच्या उसाला. तुमचं रान किती बप्पा?"

"साडेसात." मग थोडं थांबून, "म्हणजे मी दुसऱ्याचं पाणी पितोय काय?"

"तुम्ही शेजाऱ्याचं, शेजारी तुमचं. ज्याचा बोअर खोल त्याचं चालतं चार दिवस जास्त."

खडकाचा आणखी एक स्वभाव यात येतो. आपल्या खडकात पाणी साठायला जागा फार कमी, शंभर घनफुटात दोनेक घनफूट. म्हणून ७० मिलिमीटर मुरलं की विहिरीची पातळी साडेतीन मीटर चढते. ऑगस्टात विहीर तुडुंब दिसते आणि माणूस ऊस लावतो. पण उपसा सुरू झाला की तेवढ्याच वेगानं उतरते. चढ दिसतो तेवढं पाणी नसतं. पाचशे-आठशे फुटांवर जे लागतं ते आणखी सावकाश भरणारं. २००९ च्या भूजल कायद्यानं ६० मीटरच्या, म्हणजे दोनशे फुटांच्या, खालच्या विहिरींवर निर्बंध आणले ते याच कारणानं. कायदा कुठं आणि गाड्या कुठं, ते रोज रात्री घरघर ऐकणाऱ्यांना माहीत आहे.

"मांजरा धरण आपल्याच तालुक्यात, धनेगावला," मामा म्हणाला. "२०१६ ला ते कोरडं पडलं अन् लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. पहिल्या गाडीत ५ लाख लिटर होतं. सरांच्या हिशेबानं ते दोन एकरांत पण मुरतं."

यावर कुणी काही बोललं नाही, कारण चहा आला.

बप्पांनी बशीत कप ठेवत विचारलं, "जुन्या बोअरला भरण करायला, म्हणजे पावसाचं पाणी परत आत मुरवायला, काय लागतं?" मामानं सांगितलं: केसिंगभोवती, म्हणजे बोअरच्या तोंडाच्या पाइपाभोवती, खड्डा घ्यायचा, खड्ड्यातल्या केसिंगला भोकं पाडून जाळी गुंडाळायची, खाली मोठे दगड, वर खडी, वर वाळू. आणि रानाचं गढूळ पाणी थेट आत सोडायचं नाही. आधी एका खड्ड्यात गाळ बसू द्यायचा, नाहीतर बोअर गाळानं बुजतो. जेसीबी अर्धा दिवस लागतो.

"ते या आठवड्यातच करून घेतो. पाऊस तोंडावर हाय."

"अन् पाणाड्या?" सरांनी विचारलं.

"त्याला अ‍ॅडव्हान्स दिलाय. तो परवा येणारच."