कानाचा प्रश्न, गळ्याचा ताप

स्टेथो, म्हणजे स्टेथोस्कोप, घ्यायचाय, एवढं म्हणायचा अवकाश, हॉस्टेलच्या प्रत्येक खोलीतून एकेक तज्ज्ञ बाहेर येते. एक सीनियर म्हणते, "कार्डिऑलॉजीवालाच घे, जन्मभर पुरेल." दुसरी म्हणते, "साधाच घे गं, पहिल्याच पोस्टिंगला हरवणार आहे." दोघी अनुभवाने बोलतात, त्यामुळे भांडताही येत नाही.

स्टेथो शोधणारा फ्रेंच डॉक्टर लेनेक सुखी माणूस. १८१६ साली पॅरिसमध्ये एका तरुण रुग्णबाईच्या छातीला थेट कान लावायचा त्याला संकोच वाटला, म्हणून त्याने कागद गुंडाळून नळी केली आणि तिच्यातून ऐकलं. निवड संपली! पुढे त्याने लाकडी नळी केली, तीही एकाच कानाची. १८५०च्या सुमारास दोन कानांचा स्टेथो आला. कान दोनच असल्यामुळे तो प्रकार तिथे थांबला. मॉडेलं काही थांबली नाहीत.

आता पुस्तक सांगतं, छातीला टेकवायच्या चकतीच्या सपाट, पडद्याच्या बाजूने, म्हणजे डायफ्रामने, वरच्या पट्टीचे आवाज ऐकायचे, म्हणजे श्वास, आतड्यांची हालचाल. आणि वाटीसारख्या बाजूने, म्हणजे बेलने, खालच्या पट्टीचे, म्हणजे हृदयाचा तिसरा आवाज वगैरे. हा तिसरा आवाज आमच्या मॅडमना हमखास ऐकू येतो. "येतोय ना?" असं त्यांनी विचारलं की पलंगाभोवतीच्या सगळ्या माना एकदम हलतात. काही स्टेथोंत दोन्ही कामं एकाच बाजूला असतात: हलकं टेकवलं की खालची पट्टी, दाबलं की वरची. बीपीची रांग लागलेली असताना आपण नक्की किती दाबतोय, हे फक्त पेशंटला कळतं.

सगळे चेस्टपीसवर, म्हणजे त्या चकतीवर, बोलतात, कानाबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. खरी मेख तिथे आहे. इयरटिप्स कानात नीट बसल्या नाहीत, तर महागातला महाग स्टेथोही मौनव्रत धरतो. त्यांची टोकं नाकाच्या दिशेने, पुढे झुकलेली हवीत, कारण कानाची वाट तशीच जाते. स्प्रिंग सैल असेल तर वॉर्डातला सगळा गोंगाट आत येतो, घट्ट असेल तर ड्युटी संपेपर्यंत कान लालभडक. म्हणून मी दुकानात आधी कानात घालून पाहिला, रंग मागाहून.

ट्यूबचंही असंच. आखूड घ्यावी तर पेशंटच्या तोंडावर वाकावं लागतं आणि तो खोकायला तेवढीच संधी साधतो. लांब घ्यावी तर आपण वाकलो की चेस्टपीस आपल्याआधी ड्रेसिंगच्या ट्रेमध्ये हजर. शिवाय उघड्या मानेवर मिरवलं तर त्वचेच्या तेलाने ट्यूब हळूहळू कडक होते, म्हणून कॉलरवरून घालायचा. एवढे लाड घरात माझे कुणी केले नाहीत.

एवढं करून कधी काहीच ऐकू येत नाही. अशा वेळी पेशंटकडे बघावं. तो आपल्याकडे बघून हसत असेल, तर दोष स्टेथोचा. बहुतेक वेळा कुणीतरी उसना नेऊन चेस्टपीस बेलच्या बाजूला फिरवून ठेवलेला असतो आणि आपण बंद डायफ्राम लावून बसलेलो असतो. बोटाने हलकी टिचकी मारली की कोणती बाजू चालू आहे ते कळतं. उसना गेलेला परत आला की आधी इयरटिप्स अल्कोहोलने पुसायच्या, मग टिचकी. परत आला तर.

कारण "सिस्टर, एक मिनिट द्या हं" यातलं मिनिट कोणत्याच घड्याळात सापडत नाही. काळा स्टेथो तर गेलाच म्हणून समजावं, सगळ्यांचे काळेच. म्हणून मी झगझगीत पोपटी घेतला, वर नाव कोरून. हा रंग गळ्यात घालून राउंड घ्यायला कोण धजेल?

सरांनी तो मागितला, छाती तपासली, "वा, आवाज छान येतो हो याचा," म्हणाले आणि गळ्यात अडकवून पुढच्या वॉर्डात चालते झाले. रंगाचा उपयोग मात्र झाला. जिन्याच्या दुसऱ्या टोकालाही सर स्पष्ट दिसत होते, त्यामुळे मला पाठलाग करता आला.