आठवड्याला रक्त तपासतात म्हणून गोळी विष ठरत नाही

बीड-लातूरकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. डोक्याच्या, म्हणजे मानसिक आजाराच्या, सगळ्या गोळ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी मारतात, म्हणूनच डॉक्टर आठवड्याला रक्त काढायला लावतात, तेव्हा गोळ्या बंद करा आणि गुळवेलाचा काढा घ्या, असा त्याचा मतलब. यातलं एक वाक्य अर्धं खरं आहे, आणि त्याच्याच जोरावर बाकीचं खपतं.

आधी ते ‘सगळ्या गोळ्या’. रिस्पेरिडोन, ओलॅन्झापिन, हॅलोपेरिडॉल घेणाऱ्याला कुणी दर आठवड्याला रक्त तपासायला सांगत नाही. ही तपासणी क्लोझापिनसाठी असते, आणि स्किझोफ्रेनियात (भास-भ्रम होणारा मानसिक आजार) क्लोझापिन सहसा निदान दोन औषधं देऊन गुण आला नाही तेव्हा सुरू करतात.

क्लोझापिनने पेशी कमी होऊ शकतात हे मात्र खरं, झाकायचं कारण नाही. १९७५ साली फिनलंडमध्ये या औषधावर असलेले आठ जण पांढऱ्या पेशी घटून दगावल्याची नोंद झाली आणि अनेक देशांनी ते मागे घेतलं. मग ते परत का आलं? इतर औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांना त्याने गुण येतो हे दिसलं म्हणून. १९८९ साली अमेरिकेने ते रक्ततपासणीच्या अटीवरच मंजूर केलं. पेशी धोकादायक पातळीपर्यंत घसरण्याचं प्रमाण शंभरात एकाहूनही कमी, आणि तेही बहुतेक पहिल्या १८ आठवड्यांत. म्हणून तेव्हा दर आठवड्याला तपासणी, पुढे अंतर वाढत जातं.

बघायचा आकडा न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा. लहान लॅबच्या रिपोर्टवर पुष्कळदा नुसती टक्केवारी असते, मग हिशोब आपणच करायचा: एकूण पांढऱ्या पेशी ४०००, न्यूट्रोफिल ४५ टक्के, म्हणजे १८००. आकडा १५०० च्या खाली गेला की डॉक्टरांना लगेच कळवायचं. ५०० च्या खाली म्हणजे थेट दवाखान्यात भरती. आणि या काळात ताप आला, घसा धरला तर मेडिकलवरून तापाची गोळी आणून गप्प बसायचं नाही. त्याच दिवशी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी. सुरुवातीच्या एक-दोन महिन्यांत छातीत दुखणं, धाप, धडधड असेल तर हृदयाच्या स्नायूला सूज नाही ना, हेही बघावं लागतं.

‘बंद करा’ हा सल्ला तर सगळ्यात घातक. क्लोझापिन आपल्या मनाने एकदम तोडलं की आजार उसळून येतो. दोन दिवसांहून जास्त खंड पडला तर जुन्या डोसवर परत जाता येत नाही, साडेबारा मिलिग्रॅमपासून पुन्हा चढावं लागतं. दसऱ्यानंतर ऊसतोडीला टोळीबरोबर कारखान्यावर जाणाऱ्या घरांनी हे जास्त जपावं: निघायच्या आधी गोळ्यांचा साठा आणि तिकडे रक्त कुठे तपासायचं, दोन्ही डॉक्टरांशी बोलून ठरवा. उचल घेताना मुकादमाशी इतकं बोलतो, तर हेही बोलून घ्यावं. दवाखाना लांब असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, मराठीत बोलतात.

राहिला गुळवेल. करोनाच्या काळात मुंबईत तो घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला त्यांच्याच प्रतिकारशक्तीकडून इजा झाल्याचं डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलं. आयुष मंत्रालयाने ते मानलं नाही. तो वाद बाजूला ठेवला तरी, पेशी धोकादायक घसरलेल्या माणसाला डॉक्टरांनी क्लोझापिन थांबवून अँटिबायोटिक आणि लागलं तर पेशी वाढवणारं इंजेक्शन द्यावं लागतं. काढा उकळत बसायला तेव्हा वेळ नसतो.