टायफॉइड न झालेली बाई

"टायफॉइड झालेला का गं?" आज सकाळी लोकलमध्ये समोरच्या काकूंनी मला विचारलं. मला टायफॉइड कधीच झालेला नाही. कावीळ झाली होती, पण ती त्यांनी विचारली नाही.

माझे केस चप्प आहेत. गळालेले नाहीत, चप्प. हा फरक समजावण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. माणसाच्या डोक्यावर साधारण लाखभर केस असतात, तेवढे माझ्याही असतील. पण एकेक केस असा बारीक, की सगळे मिळून टाळूला चिकटून पडून राहतात. त्यात टाळूचं तेल. कुरळ्या केसांत ते वळणावळणावर अडतं, माझ्या सरळ केसांवरून सरसर खाली उतरतं. शाळेत माझ्या वेणीपेक्षा रिबीन जाड होती.

तर हे केस उठवून बसवणं हा रोज पहाटेचा उद्योग. कंडिशनर फक्त टोकांना, मुळाशी थेंब लागला तर दिवस वाया. टॉवेलनं खसाखसा पुसायचं नाही, जुन्या टी-शर्टनं टिपायचं. मग कमरेत वाकायचं, केस जमिनीकडे सोडायचे आणि ड्रायर लावायचा. यामागे शास्त्र आहे हो. केस ओला झाला की त्यातले हायड्रोजनचे बंध सुटतात, आणि वाळताना केस ज्या आकारात असेल त्या आकारात ते पुन्हा जुळतात. म्हणून उलटं वाळवायचं. मग भांग नेहमीच्या विरुद्ध बाजूला, टाळूवर चार जाडे रोलर, आणि ते तसेच ठेवून पोळ्या. दूधवाला हल्ली पिशवी दाराला अडकवून परस्पर जातो. शेवटी आतल्या बटांना उलटा कंगवा, वरून एक गुळगुळीत थर, थोडा फवारा. डोकं दोन बोटं उंच होतं. मुंबईची दमट हवा तेच बंध पुन्हा सैल करते, त्यामुळे ही उंची दादरपर्यंत टिकली तरी मी खूश असते.

आज डोंबिवली सुटली तेव्हा ती शाबूत होती. डब्यात कुणाच्या तरी घरचा सत्यनारायणाचा प्रसाद फिरत होता. काकूंच्या तळहातावर शिरा. अस्सल, तूप सुटलेला. तो खाता खाता त्या माझ्या कपाळाच्या वरच्या भागाकडे टक लावून बघत होत्या.

"टायफॉइड नाही? मग डेंग्यू?"

"नाही हो काकू."

"बाळंतपण?"

"मुलगी सातवीत आहे."

"मग थायरॉइड." हे त्यांनी विचारलं नाही, जाहीर केलं. त्यांच्या धाकट्या जाऊबाईंचं थायरॉइड असंच केसांवरून कळलं होतं म्हणे. जाऊबाई कळव्यापर्यंत चालल्या. जाऊबाईंचे रिपोर्ट, जाऊबाईंचे डॉक्टर, गोळी उपाशीपोटी घ्यायची म्हणून जाऊबाई चहाला कशा मुकल्या. मी म्हटलं, "काकू, माझे केस गळत नाहीत, मुळातच बारीक आहेत." त्यावर त्यांनी फार मायेनं मान हलवली. नवरा पीत नाही असं सांगणाऱ्या बाईपुढे हलवतात तशी.

"तेल लावत नसशील."

"लावते की, रविवारी."

"रविवारी! देवापुढे दिवा काय रविवारीच लावतेस?"

एव्हाना आजूबाजूच्या बायकांनाही कंठ फुटला होता. खिडकीतलीनं माका आणि जास्वंद सांगितलं. चौथ्या सीटवरच्या, निम्म्या हवेत बसलेल्या बाईनं कांद्याचा रस सांगितला. दारातून कुणीतरी ओरडलं, "आधी पाणी बघा, टँकरचं असणार!" माझ्या डोक्यावर चर्चासत्र भरलं होतं आणि बोलायची संधी तेवढी मला नव्हती. तेल लावलं की हे केस आणखी चिकटतात, हे मी कुणाला सांगू? तेलाच्या विरुद्ध बोलायची आपल्याकडे सोय नाही.

आणि मग काकू म्हणाल्या, "ते असू दे. पण मागून किती विस्कटलेत बघ. झोपेतून उठून तशीच पळालीस वाटतं. थांब."

पाचही बोटं. शिऱ्याची. टाळूपासून मानेपर्यंत दोनदा, वर दाबून एकदा.

"आता बघ कशी नीट दिसतेस!"

"हो, आता बरं दिसतंय," खिडकीतली म्हणाली. मी "थँक्यू काकू" म्हणाले. संस्कार आड येतात.

चीड याची, की काकू अगदीच चूक नव्हत्या. मोठा ताप येऊन गेला की पुष्कळसे केस एकदम विश्रांतीला जातात आणि दोन-तीन महिन्यांनी झुपक्यानं गळतात. टायफॉइडचं ते बायकांचं ज्ञान खरं आहे. निदान उत्तम होतं, पेशंट चुकीचा होता.

माझी आजी अंबाड्यात गंगावन घालायची. विंचरताना निघालेलं गुंतवळ डब्यात साठवायची, गंगावन खुंटीला लटकलेलं असायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दिसायचं. अंबाडा निम्मा उसना आहे हे आख्ख्या आळीला माहीत होतं. कुणी तिला औषध सांगितल्याचं ऐकिवात नाही. मी मात्र स्वतःचेच केस फुगवते, तर मला थायरॉइड.

विचारणं एक वेळ चालेल. पण हात? माझी चप्पल तुटली असती तर काकूंनी माझा पाय मांडीवर घेतला असता का? डोकं मात्र कुणीही धरावं. लग्नात धरतात, लिफ्टमध्ये धरतात, पार्लरमध्ये तर पैसे घेऊन धरतात आणि वर विचारतात, "मॅडम, पहिल्यापासून एवढेच?" मग 'व्हॉल्यूम' लिहिलेली बाटली विकतात, साध्या शाम्पूपेक्षा महाग. तिच्यावरची बाई जन्मापासून केसाळ असणार, तिला काय धाड भरलीय?

ऑफिसात पोचल्यावर थेट वॉशरूम गाठली. ड्रायर घरी. म्हणून हात वाळवायच्या मशीनखाली वाकून डोकं घातलं. साफसफाईच्या मावशी आत आल्या आणि बादली टाकून धावल्या, "मॅडम, चक्कर आली का? नक्की टायफॉइड..." मी त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही.

गरम हवेनं केस उभे राहतात, हे खरं. तूप वितळतं, हेही खरं. ते मुळांमुळांतून व्यवस्थित पसरलं आणि वेलचीसकट दरवळलं. साडेदहाच्या मीटिंगमध्ये मी एसीच्या बरोब्बर खाली बसले होते. तिसऱ्या स्लाइडला साहेब थांबले, नाक वर करून त्यांनी दोनदा हुंगलं आणि म्हणाले, "शिरा कुणी आणलाय? पुढे सरकवा की."