ओ/डी बटण: कन्नडचा घाट आणि समृद्धी

एका लेखात म्हटलंय की ऑटोमॅटिक गाडीतली ओव्हरड्राइव्ह (ओ/डी, म्हणजे इंजिन कमी फिरवणारा सगळ्यात वरचा गिअर) बंद ठेवली की ॲव्हरेज वाढतं. उलटं आहे. चार गिअरच्या ऑटोमॅटिकमध्ये तिसऱ्या गिअरचं गुणोत्तर (इंजिनचे फेरे आणि गिअरबॉक्समधून बाहेर पडणारे फेरे यांचं) साधारण १:१ आणि चौथ्याचं, म्हणजे ओव्हरड्राइव्हचं, ०.७ च्या आसपास. तिसऱ्यात ३००० आरपीएमला (इंजिनचे मिनिटाला फेरे) जो वेग मिळतो, तोच चौथ्यात २१०० ला, म्हणून पेट्रोल कमी लागतं. जालन्याहून समृद्धीवर चढलात की ओव्हरड्राइव्ह चालूच हवी.

घोळ होतो तो मीटरवरच्या दिव्यामुळे. ‘ओ/डी ऑफ’ पेटलाय म्हणजे ओव्हरड्राइव्ह बंद आहे. बरेच जण हा दिवा पेटवून महिनोन्‌महिने गाडी पळवतात आणि पेट्रोलच्या नावाने बोटं मोडतात!

बंद कधी करायची? कन्नडहून चाळीसगावकडे औट्रम घाट उतरताना. उतार लागण्याआधी वेग कमी करा, लिव्हरच्या बाजूचं ओ/डी बटण दाबा. गाडी तिसऱ्याच्या वर जात नाही, इंजिनच गाडी आवरतं, ब्रेक तापत नाहीत. तीव्र उतारावर लिव्हर ‘२’ वर घ्या. न्यूट्रल मात्र कधीच नाही. चढताना गिअर ३-४-३ असा सारखा बदलत असेल तरीही बंद करा. त्या ओढाताणीत टॉर्क कन्व्हर्टरचं (इंजिन आणि गिअरबॉक्सला ऑइलमधून जोडणारा भाग) लॉकअप, म्हणजे थेट पकड, सुटत राहतं आणि गिअरबॉक्सचं ऑइल तापतं. गिअरबॉक्सच्या डिपस्टिकवर (ऑइल तपासायची पट्टी) ऑइल तपकिरी नि जळका वास, तर समजा उशीर झालाय.

दिवा आपोआप लुकलुकत असेल तर बऱ्याच गाड्यांत तो गिअरबॉक्सच्या बिघाडाचा इशारा असतो. तिथे बटण दाबत बसू नका, स्कॅनर लावून घ्या.

बऱ्याच सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेली ऑटोमॅटिक) आणि एएमटी (मॅन्युअल गिअरबॉक्स आपोआप चालवणारी) गाड्यांत हे बटण नसतं. घाटात ‘एल’ किंवा मॅन्युअल मोड वापरावा.