राउटरवर ‘दहा मिनिटांत लिनक्स’? आधी बूटलोडरला विचारा

जुन्या राउटरबद्दलचा एक मेसेज दर काही महिन्यांनी नव्याने फिरायला लागतो. शब्द इकडचे तिकडे होतात, पण मजकूर साधारण असा: ‘जुना राउटर भंगारात देऊ नका. त्याच्या आत अख्खा कॉम्प्युटर असतो. कुठल्याही राउटरवर दहा मिनिटांत लिनक्स बसतं. पेनड्राइव्हवर इमेज टाका, यूएसबीला लावा, चालू करा, की घरचा सर्व्हर तयार. काही बिघडलं तर मागचं रीसेट बटण दाबा, सगळं पूर्ववत. आणि कंपनीच्या सॉफ्टवेअरपेक्षा हे कायमचं सुरक्षित.’

यातली पहिली दोन वाक्यं मला मान्य आहेत. जुनी उपकरणं पुन्हा कामाला लावायचा नाद मलाही आहे, म्हणून तर बाकीची वाक्यं जास्त खटकतात. त्यांच्या भरवशावर लोक धडधाकट राउटर घालवून बसतात आणि मग ‘लिनक्सचं काही खरं नाही’ म्हणून मोकळे होतात.

आधी जे खरं आहे ते. राउटरमध्ये प्रोसेसर, रॅम आणि फ्लॅश मेमरी (वीज गेली तरी टिकणारी साठवण) असते, आणि बहुतेक वेळा त्यात लिनक्स आधीपासूनच असतं. लिंकसिसचा डब्ल्यूआरटी५४जी डिसेंबर २००२ मध्ये आला. त्यात लिनक्स आहे हे पुढच्या वर्षी लोकांनी शोधून काढलं, जीपीएल परवान्यामुळे कंपनीला सोर्स कोड खुला करावा लागला आणि त्यातून २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हा राउटरसाठीच्या खुल्या लिनक्सचा प्रकल्प उभा राहिला. तेव्हा ‘राउटरवर लिनक्स टाकणं’ म्हणजे बहुतेकदा कंपनीचं कुलूपबंद लिनक्स काढून आपल्या ताब्यातलं लिनक्स बसवणं. इथवर मेसेजशी भांडण नाही.

‘कुठल्याही राउटरवर चालतं.’ नाही चालत, आणि त्याचा पुरावा त्याच डब्ल्यूआरटी५४जीच्या पोटात आहे. सुरुवातीच्या बहुतेक आवृत्त्यांमध्ये ४ एमबी फ्लॅश आणि १६ एमबी रॅम होती. २००५ मध्ये पाचवी आवृत्ती आली तेव्हा कंपनीने ते निम्म्यावर आणलं, २ एमबी आणि ८ एमबी, आणि आतलं लिनक्स काढून व्हीएक्सवर्क्स ही दुसरीच ऑपरेटिंग सिस्टिम बसवली. खोका तोच, नाव तेच. लिनक्सवाल्यांसाठी मग डब्ल्यूआरटी५४जीएल असं वेगळं मॉडेल काढावं लागलं. टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूआर८४१एनचीही तीच तऱ्हा. बाराव्या आवृत्तीपर्यंत आत अथेरॉस-क्वालकॉमची चिप, तेराव्यात थेट मीडियाटेक. बाराव्याची इमेज (फ्लॅशमध्ये लिहायची तयार सिस्टिमची फाइल) तेराव्याला लावणं म्हणजे एका प्रोसेसरची भाषा दुसऱ्यापुढे बोलणं. म्हणून मॉडेलच्या नावापेक्षा बुडाच्या स्टिकरवर बारीक अक्षरात छापलेला हार्डवेअर आवृत्तीचा आकडा महत्त्वाचा. मेसेजमध्ये त्याचा उल्लेखसुद्धा नाही.

आकाराचाही प्रश्न आहे. ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅमच्या उपकरणांसाठी ओपनडब्ल्यूआरटीने १९.०७ या मालिकेनंतर अधिकृत इमेज काढणं थांबवलं. आता किमान ८ आणि ६४ लागतात, आणि निवांत वापरायचं तर १६ आणि १२८ बघावेत. शिवाय ब्रॉडकॉमच्या बऱ्याच वायफाय चिपना खुले ड्रायव्हर नाहीत. लिनक्स चालू होतं, केबलवर सगळं ठीक, पण वायफाय मुकं. इंटरनेट कंपनीने दिलेल्या फायबरच्या डब्यात तर अनेकदा कंपनीची सही असलेलं फर्मवेअरच (उपकरणातलं सॉफ्टवेअर) चालतं, तिथे नाद सोडलेला बरा.

‘पेनड्राइव्हवर इमेज टाका, लावा, चालू करा.’ सगळ्यात मोठी थाप हीच, आणि ती पटते कारण पीसीवर तसंच होतं. पीसीमध्ये बायॉस किंवा यूईएफआय असतं. ते सुरू होताना डिस्क, यूएसबी, नेटवर्क अशी सगळीकडे चाचपणी करतं आणि बूट होण्याजोगं काही सापडलं की त्याच्या हाती सूत्रं देतं. राउटरमध्ये असा चौकस माणूस नसतो. फ्लॅशच्या सुरुवातीला एक छोटासा बूटलोडर असतो: कुठे यू-बूट, कुठे सीएफई, जुन्या उपकरणांत रेडबूट. फ्लॅशच्या अमुक पत्त्यावरून कर्नल (लिनक्सचा गाभा) उचल आणि चालव, एवढंच त्याला शिकवलेलं असतं. अनेक बूटलोडरमध्ये यूएसबीचा ड्रायव्हरच नसतो. म्हणजे पोर्ट दिसतो, पेनड्राइव्हचा दिवाही लागतो, पण कर्नल चालू होईपर्यंत त्या पोर्टकडे बघणारं आत कोणी नाही.

मग यूएसबीवरून डेबियन, म्हणजे लिनक्सचीच एक पूर्ण सिस्टिम, चालवणारे लोक काय करतात? लिंकसिसचा एनएसएलयू२ हा छोटा स्टोरेज डबा घ्या. २००४ चं उपकरण, ३२ एमबी रॅम, ८ एमबी फ्लॅश. प्रोसेसर २६६ मेगाहर्ट्झचा, पण सुरुवातीच्या नगांमध्ये मुद्दाम १३३ वर बांधून ठेवलेला (एक रेझिस्टर काढला की सुटायचा, तो वेगळा छंद). डेबियनने त्याच्यासाठी इन्स्टॉलर दिला तो फ्लॅशमध्ये लिहायचा. स्क्रीन नाही, कीबोर्ड नाही, म्हणून इन्स्टॉलर नेटवर्कवर येऊन थांबायचा आणि आपण एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून लॉगिन करून, आत शिरून प्रश्नांची उत्तरं द्यायची. कर्नल आणि इनिटरॅमएफएस (कर्नलसोबत रॅममध्ये चढणारी छोटी सिस्टिम) फ्लॅशमध्ये, बाकी सगळी सिस्टिम यूएसबी डिस्कवर. ३२ एमबी रॅममध्ये हे इन्स्टॉलेशन कित्येक तास चालायचं. दहा मिनिटांत तर डिस्कचं पार्टिशनसुद्धा उरकायचं नाही.

पुढच्या पिढीत, म्हणजे २००९ च्या आसपास, मार्वेलच्या कर्कवुड चिपवरचे शीवाप्लग, डॉकस्टार, पोगोप्लग असे प्लगच्या आकाराचे डबे आले. त्यांच्यात यू-बूट होतं आणि त्याला यूएसबी समजत होती. तिथे मेसेजमधलं वर्णन थोडंफार जुळतं. पण तिथेही आधी यू-बूटला सांगावं लागतं. सिरियल केबल (पीसीवरून बूटलोडरशी बोलायची तार) लावायची, टर्मिनल ११५२०० वेगावर उघडायचं, वीज द्यायची, आणि ऑटोबूटची उलटी मोजणी संपायच्या आत एखादी कळ दाबायची. मग यूएसबी सुरू करायची, डिस्कच्या पहिल्या पार्टिशनवरून कर्नल रॅममध्ये ओढायचा, बूटएम (कर्नल चालव) अशी आज्ञा द्यायची. हे जमलं की तीच आज्ञा बूटसीएमडी या व्हेरिएबलमध्ये सेव्ह करायची, म्हणजे पुढच्या वेळी डबा आपला आपण उठतो.

आणि गाडं नेमकं कुठे अडतं, तेही सांगतो. तक्रारी फिरून फिरून त्याच असतात.

डिस्क आजच्या पीसीवर एक्स्ट४ या लिनक्सच्या फाइलसिस्टिमने फॉरमॅट केली, तर जुन्या यू-बूटला ती वाचताच येत नाही. २०१६ मधल्या ई२एफएसप्रॉग्ज (फॉरमॅट करणारी साधनं) १.४३ पासून ६४-बिट आणि मेटाडेटा-चेकसम ही वैशिष्ट्यं आपोआप चालू असतात, आणि जुन्या बूटलोडरला त्यांचा पत्ता नाही. बूटसाठी वेगळं छोटं एक्स्ट२ पार्टिशन ठेवलं की प्रश्न मिटतो.

‘स्टार्टिंग कर्नल’ एवढं दिसून पुढे सगळं चिडीचूप झालं, की लोक उपकरण मेलं असं समजतात. बऱ्याचदा कर्नल व्यवस्थित चाललेला असतो, फक्त बूटआर्ग्जमधलं (कर्नलला दिलेल्या सूचनांमधलं) कन्सोलचं, म्हणजे संदेश दाखवणाऱ्या पोर्टचं, नाव किंवा वेग चुकलेला असतो, म्हणून त्याचं बोलणं आपल्याला ऐकू येत नाही. कधी दुखणं खरंच खोल असतं. जुनं यू-बूट कर्नलला फक्त एक मशीन क्रमांक देतं, शीवाप्लगचा २०९७. नव्या कर्नलला तेवढ्याने भागत नाही, त्याला डिव्हाइस ट्री लागते, म्हणजे बोर्डावर काय कुठे जोडलंय त्याची यादी. ती यादी द्यायची असते हेच जुन्या यू-बूटला ठाऊक नाही. त्यावरचा जुगाड म्हणजे त्या यादीची डीटीबी फाइल कर्नलच्या शेपटाला चिकटवून दोन्हींचं एकच पॅकेट करायचं. दिसायला ओबडधोबड आहे, पण कर्नलमध्ये त्यासाठी अधिकृत पर्याय आहे.

तिसरी तक्रार: रूट (मुख्य) फाइलसिस्टिम सापडली नाही म्हणून कर्नल पॅनिक, म्हणजे कर्नल हात टेकतो. यूएसबी डिस्कला जागं व्हायला काही सेकंद लागतात आणि कर्नल तोवर थांबत नाही. बूटआर्ग्जमध्ये रूटवेट हा एक शब्द घातला की थांबतो. तो घालूनही थांबूनच राहिला, तर रूट म्हणून फाइलसिस्टिमचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) दिलाय का ते बघा. इनिटरॅमएफएसशिवाय कर्नलला तो कळत नाही, पार्टिशनचा ओळख क्रमांक, पार्टयूयूआयडी, कळतो.

‘बिघडलं तर रीसेट बटण दाबा.’ रीसेट बटण म्हणजे दारावरची बेल. आत कोणी जागं असेल तर उपयोग. चालू असलेलं फर्मवेअर ते बटण वाचतं आणि सेटिंग पुसतं. जुनं फर्मवेअर परत आणायचं काम त्याचं नाहीच, कारण ते फ्लॅशवरून आपणच खोडलेलं असतं.

बिघाडाच्या पायऱ्या असतात. कर्नल उठतोय पण सेटिंग फसलंय, अशा वेळी ओपनडब्ल्यूआरटीचा फेलसेफ मोड आहे. बूट होताना दिवा लुकलुकायला लागला की बटण दाबायचं आणि १९२.१६८.१.१ वर शिरायचं. कर्नलच उठत नाही पण बूटलोडर शाबूत आहे, तर काही उपकरणं नेटवर्कवरून इमेज मागतात. टीपी-लिंकची अनेक मॉडेलं बटण दाबून चालू केली की १९२.१६८.०.६६ या पत्त्यावर टीएफटीपी (नेटवर्कवरून फाइल देण्याची साधी पद्धत) सर्व्हर शोधतात, आणि त्यांना हव्या त्याच नावाची फाइल तिथे असावी लागते. नावात एक अक्षर चुकलं तरी काही होत नाही. हेही जमत नसेल तर झाकण उघडून सिरियल. आणि बूटलोडरच पुसला गेला असेल तर फ्लॅश चिपला क्लिप लावून प्रोग्रामरने बाहेरून लिहावं लागतं. त्या पायरीवर बहुतेकांचा राउटर कपाटात जातो.

सिरियलबद्दल एक गोष्ट ठणकावून सांगायला हवी. या बोर्डांवरची सिरियल बहुतेक ३.३ व्होल्टची असते. पीसीच्या जुन्या नऊ पिनांच्या पोर्टाला थेट जोडली तर चिप जळते. ३.३ व्होल्टचा यूएसबी अडॅप्टर घ्यायचा, ग्राउंडला ग्राउंड, एकाचं टीएक्स (पाठवणारी तार) दुसऱ्याच्या आरएक्सला (घेणारी), आणि व्हीसीसीची, म्हणजे विजेची, तार मोकळी सोडायची. बोर्डाला वीज त्याच्याच अडॅप्टरमधून मिळते.

आणि फ्लॅशवर काहीही लिहिण्याआधी बॅकअप. विशेषतः अथेरॉसच्या उपकरणांतलं एआरटी नावाचं पार्टिशन, मीडियाटेकमध्ये फॅक्टरी. त्यात वायफायचं कॅलिब्रेशन असतं, कारखान्यात त्या एका नगासाठी मोजून लिहिलेलं. इंटरनेटवरून फर्मवेअर परत मिळेल, हे नाही मिळणार. दुसऱ्याच्या राउटरची एआरटी फाइल उतरवून घेतली तर वायफाय कदाचित चालेल, पण रेडिओची मापं दुसऱ्याची असतील.

‘घरचा सर्व्हर तयार.’ कसला सर्व्हर, त्यावर आहे. १०० मेगाबिटचा पोर्ट असेल तर फाइल सेकंदाला ११-१२ एमबीच्या वर जाणं शक्यच नाही, आणि जुना प्रोसेसर तिथवरही पोचू देत नाही. फोटोंची गॅलरी, व्हिडिओचं रूपांतर असली स्वप्नं सोडून द्या. जाहिराती अडवणारा डीएनएस, एखादा छोटा व्हीपीएन, सेन्सरचे आकडे गोळा करणं, प्रिंटर नेटवर्कवर आणणं, ही कामं मात्र ही उपकरणं वर्षानुवर्षं गुपचूप करतात. लॉग सतत फ्लॅशवर लिहू नका, ती झिजते. आणि बहुतेक राउटरांत बॅटरीवरचं घड्याळ नसतं. वीज गेली की तारीख मागे जाते, मग सर्टिफिकेट अवैध ठरतात, अपडेट होत नाही, आणि माणूस नेटवर्कमध्ये दोष शोधत बसतो. डेबियनवर फेक-एचडब्ल्यूक्लॉक (शेवटची वेळ जपून ठेवणारं) टाकलं आणि एनटीपी (नेटवर्कवरून वेळ घेणारं) चालू ठेवलं की ही कटकट जाते.

‘कायमचं सुरक्षित.’ कायमचं काहीच नाही. कंपनीने वाऱ्यावर सोडलेलं फर्मवेअर धोक्याचं असतं हे खरं. २०१८ मध्ये व्हीपीएनफिल्टर नावाच्या मालवेअरने ५४ देशांतली किमान पाच लाख उपकरणं धरली, त्यात घरगुती राउटर आणि स्टोरेजचे डबेच होते. पण ओपनडब्ल्यूआरटीची जुनी, सुधारणा बंद झालेली मालिका बसवून तोच राउटर इंटरनेटच्या तोंडावर ठेवला, तर आगीतून उठून फुफाट्यात. डेबियनवाल्यांनीही डोळे उघडे ठेवावेत. वरचे सगळे कर्कवुड डबे आर्मेल (जुन्या एआरएम प्रोसेसरांसाठीची डेबियनची शाखा) या जातीचे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये आर्मेलसाठी इन्स्टॉलर नाही, कर्नल आहे तो फक्त सुरुवातीच्या रास्पबेरी पाय आणि झीरोसाठी, आणि आर्मेलची ही शेवटचीच आवृत्ती. मिप्स या दुसऱ्या प्रोसेसर-घराण्याच्या उरलेल्या जाती त्याच आवृत्तीत पूर्णपणे वगळल्या गेल्या. बाहेरून कोणी कर्नल बांधून दिला तर डबा चालेल, पण तो कोण बांधतोय आणि किती दिवस बांधणार, हे बघायला हवं.

मेसेज फिरवणाऱ्यांना काही जोडायचंच असेल तर एक गोष्ट जोडावी, जी खरोखर दहा-पंधरा मिनिटांत होते. आपल्या आवृत्तीसाठी ओपनडब्ल्यूआरटीची इनिटरॅमएफएस इमेज मिळत असेल आणि सिरियलवर बूटलोडर बोलत असेल, तर ती इमेज टीएफटीपीने सरळ रॅममध्ये ओढून चालवता येते. फ्लॅशवर एक अक्षरही लिहिलं जात नाही. वायफाय दिसतंय का, सगळे पोर्ट चालतात का, यूएसबी डिस्क ओळखली जाते का, हे सगळं तपासायचं, त्याच बैठकीत एमटीडीची, म्हणजे फ्लॅशची, सगळी पार्टिशनं कॉपी करून पीसीवर घ्यायची, आणि मग प्लग काढायचा. परत लावला की कंपनीचं फर्मवेअर जिथल्या तिथे. लिहायचं की नाही ते त्यानंतर ठरवा.