‘ती प्रकरणे गाळा’ म्हणणाऱ्या वाचकास उत्तर

सप्रेम नमस्कार.

टॉलस्टॉयच्या ‘युद्ध आणि शांती’वरील माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आभार. लेख लांबला, पात्रांची गर्दी वाचकाला झेपेल असे मी गृहीत धरले, नायिका नताशाच्या शेवटाविषयी मौन पाळले, असे तुमचे आक्षेप आहेत. त्यांच्याकडे मी शेवटी येईन. मला थांबवले ते तुमच्या एका वाक्याने, आणि ते इथे जसेच्या तसे देतो: “इतिहासावरची ती कंटाळवाणी प्रवचने गाळून वाचली तरी कादंबरीचे काही बिघडत नाही, पण हे मान्य करायला तुमच्यासारख्या पुस्तकी लोकांना कमीपणा वाटतो, युद्ध म्हणजे काय हे तुम्हाला कुठे ठाऊक आहे?”

मतभेदाचे मला वावडे नाही. एखादे प्रकरण कंटाळवाणे वाटले असे कुणी म्हटले, तर मी त्यावर आनंदाने बोलतो. परंतु ज्याला तुम्ही कधी भेटला नाहीत, त्याच्या वाचनामागचा हेतू तुम्ही परस्पर ठरवून टाकता आणि त्याला ‘तुमच्यासारखे’ असे सरसकट संबोधता, ही वाद घालण्याची रीत नव्हे. समोरच्याचे तोंड आधीच बंद करायचे आणि मग तो बोलत नाही असे म्हणायचे, हा प्रकार साहित्यचर्चेत तरी नसावा.

एक गोष्ट मान्य करतो. उपसंहाराचा दुसरा भाग, ज्यात कथा पूर्ण थांबते आणि इच्छास्वातंत्र्य व अपरिहार्यता यांवरचे विवेचन चालू राहते, तो लांबलेला आहे. तिथे टॉलस्टॉय एकच मुद्दा फिरून फिरून मांडतो आणि वाचक थकतो. त्याने स्वतः १८७३ च्या आवृत्तीत इतिहासचिंतनाचा बराच भाग कथेतून काढून परिशिष्टात नेला होता, हेही तुमच्या बाजूने सांगता येईल. मात्र नंतरच्या आवृत्त्यांत तो भाग पुन्हा मूळ जागी आला आणि आज जगभर कादंबरी त्याच रूपात वाचली जाते.

आता युद्ध ‘कुठे ठाऊक आहे’ याविषयी. मी लढलो नाही. पण माझे वडील तोफखान्यात हवालदार होते, त्यांचे प्रशिक्षण देवळालीला झाले आणि १९७१ च्या लढाईत ते पंजाबच्या सीमेवर तोफेवर होते. लहानपणी आम्ही भावंडे त्यांना विचारायचो, “अण्णा, तुम्ही किती शत्रू मारले?” ते म्हणायचे, “आम्हाला शत्रू दिसतच नव्हता रे. फोनवर आकडे यायचे, ते तोफेला लावायचे आणि गोळा सोडायचा. कोणतं ठाणं घेतलं ते आम्हाला मागाहून रेडिओवर कळलं.” लढाईचा आराखडा कुणी केला, तो कितपत पार पडला, यावर ते कधी बोलले नाहीत. आपल्या तोफेच्या आसपासची काही हात जमीन, शेजारी उभा असलेला माणूस आणि गोळ्यांची मोजदाद, एवढेच त्यांच्या बोलण्यात येई. पुढे कॉलेजात असताना ही कादंबरी वाचली तेव्हा शॉनग्राबेर्न या ऑस्ट्रियातल्या गावाजवळच्या लढाईतला रशियन तोफखान्याचा कॅप्टन तुशिन मला परका वाटला नाही.

तुशिन आठवून पाहा. १८०५ चा नोव्हेंबर. तोंडात आखूड चिलीम धरलेला हा बुटका अधिकारी चार तोफा घेऊन मध्यभागी उभा आहे. गावाला आग लावण्याचा हुकूम त्याला कुणी दिलेला नाही; आपल्या सार्जंटशी बोलून त्याने तो निर्णय घेतला आहे. त्याच्या रक्षणासाठी ठेवलेली तुकडी केव्हाच काढून घेतली गेली आहे. माघारीचा निरोप घेऊन डाव्या बगलेच्या सेनापतीकडे निघालेला अधिकारी झेर्कोव्ह भीतीने तिथपर्यंत पोहोचतच नाही. तुशिन मात्र जुन्या मोठ्या तोफेला मनातल्या मनात ‘मात्वेयेव्हना’ म्हणत, फ्रेंच फौजेला मुंग्या समजत, गोळे फेकत राहतो. सेनापती बाग्रातिओन जवळजवळ काहीच हुकूम देत नाही. जे घडेल ते आपल्या मनासारखेच आहे असा चेहरा ठेवतो, आणि त्या चेहऱ्यामुळे सैनिकांना धीर येतो, हे त्याच्यासोबत असलेल्या प्रिन्स आंद्रेई या नायकाच्या लक्षात येते. संध्याकाळी तोफा मागे टाकल्याबद्दल बोल बसतो तो तुशिनलाच.

आता सांगा, यात ‘प्रवचन’ कुठे संपते आणि कथा कुठे सुरू होते? इतिहास सेनापतींच्या हुकमांनी घडत नाही, असंख्य माणसांच्या लहान लहान कृतींच्या बेरजेतून घडतो, हे जे टॉलस्टॉय पुढे पानेच्या पाने मांडतो, ते त्याने इथे आधीच डोळ्यांना दाखवलेले आहे. ऑस्टरलिट्झच्या लढाईच्या आदल्या रात्री ऑस्ट्रियन सेनानी वायरोटर भली लांब योजना वाचत असतो आणि रशियन सरसेनापती कुतुझोव्ह खुर्चीत झोपी जातो. ही निव्वळ गंमत म्हणून वाचायची असेल तर चिंतन गाळता येईल. मॉस्कोजवळच्या बोरोदिनोच्या लढाईत, १८१२ मध्ये, बोरोदिनोचा पूल घेतल्याची बातमी घेऊन स्वार नेपोलियनकडे येतो, नेपोलियन पुढचा हुकूम देतो, आणि तोवर रशियनांनी तो पूल परत घेऊन जाळलेला असतो. हा प्रसंग ज्याला मनापासून पटला, त्याने त्या चिंतनाचा अर्धा भाग वाचलाच आहे. उरलेला गाळून त्याने काय मिळवले?

शिवाय हे लिहिणारा माणूस घरात बसून इतिहासाचे ग्रंथ चाळणारा नव्हता. क्रिमियाच्या युद्धात, १८५५ साली, टॉलस्टॉय सेव्हस्तोपोलच्या चौथ्या बुरुजावर तोफखान्याचा अधिकारी म्हणून होता. १८६७ मध्ये तो मुद्दाम बोरोदिनोचे मैदान पाहून आला. त्याच्या विवेचनाला ‘कंटाळवाणी प्रवचने’ म्हणण्याचा हक्क तुम्हाला जरूर आहे, पण त्याच दमात इतरांना युद्धाचा अनुभव विचारण्याचा हक्क मी तुम्हाला देत नाही. माझ्या वडिलांनी ही कादंबरी वाचली नव्हती. मी त्यांना तुशिनचा प्रसंग मराठीत सांगितला तेव्हा ते बराच वेळ ऐकत राहिले आणि एवढेच म्हणाले, “निरोप पोचला नाही ना? असंच होतं.” या शब्दांपुढे तुमची ‘पुस्तकी’ ही शेलकी पदवी मला लागू पडत नाही.

उरलेल्या आक्षेपांविषयी थोडक्यात. पाचशेहून अधिक पात्रे आहेत हे खरे. सुरुवातीला कागदावर घराण्यांची नावे लिहून ठेवावीत, कुराकिन कोण, बोल्कोन्स्की कोण हे काही प्रकरणांनंतर आपोआप बसते. नताशाचे लग्नानंतरचे रूप अनेकांना खटकते, मलाही त्यावर सांगायचे आहे, पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे आणि युद्धावरच्या लेखात तो घुसडण्याचे कारण मला दिसत नाही. लेख लांब झाला हा आक्षेप मी ऐकून घेतो आणि सोडून देतो.

चिंतनाच्या प्रकरणांतील नेमके कोणते विधान तुम्हाला चुकीचे वाटते ते लिहा, त्यावर मी उत्तर देईन. माझ्याविषयीचे अंदाज मात्र पुढच्या वेळी वगळा.